न झालेले एकशे सव्वीस तास

आमच्या कॉलेजात अभियांत्रिकी नीतिशास्त्र हा विषय गेली तीन वर्षं शिकवला जातोय आणि तो मी शिकवतेय, ही बातमी मला एका बुधवारी सकाळी प्राचार्यांच्या केबिनमध्ये कळली.

"अभिनंदन, मॅडम," प्राचार्य बद्रीनाथ कुलथे म्हणाले आणि त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्यापुढे सरकवला. मी पेढा घेतला नाही. तेवीस वर्षांच्या नोकरीत मला एवढं कळलं होतं, की या केबिनमध्ये पेढा आधी मिळाला तर काम नंतर सांगतात.

काम असं होतं. शनिवारी दिल्लीची कमिटी येणार होती. कमिटीनं मान्यता दिली तर हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्या नोकऱ्या घेऊन आमच्या दारात येणार, नाही दिली तर शेजारच्या कॉलेजात जाणार. आणि वाघोलीत शेजारचं कॉलेज शोधायला फार लांब जावं लागत नाही, मधे एक उसाचं वावर असतं, तेही आता विकायला काढलेलं. यंदा कमिटीच्या यादीत एक नवं कलम आलं होतं. विद्यार्थ्यांना व्यवसायातली नीतिमत्ता शिकवता का? शिकवत असाल तर तीन वर्षांचे पुरावे दाखवा.

"तर आपण शिकवतो," कुलथे म्हणाले. "कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला, एका सत्रात. आठवड्यातून तीन तास, वर्षाला बेचाळीस. हजेरीची रजिस्टरं आपले नवे लेक्चरर लिहून देतायत. प्रत्येक तासापुढं तुमची सही तेवढी लागेल."

"म्हणजे एकशे सव्वीस सह्या."

"तुमचं गणित पक्कं आहे."

"सर, विषय चालवायचाय की चाललेला दाखवायचाय?"

"आता चालवायला वेळ कुठाय? शनिवारी कमिटी येतेय," ते म्हणाले. त्यांना यात काही विनोदी वाटलं नाही. मलाही तेव्हा वाटलं नाही.

कारण हा विषय माझा होता. मी ललिता खांबेटे, राहणार नारायण पेठ, शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंग. चाळिशी उलटल्यावर मी पीएचडी केली ती काँक्रीटवर नाही, पडलेल्या बांधकामांच्या चौकशी अहवालांवर. एका तालुक्याच्या गावी पाण्याची नवी टाकी पहिल्यांदा भरली त्याच दिवशी कोसळली आणि खाली नऊ माणसं गेली. चौकशी चार वर्षं चालली, अहवाल पाचशे पानांचा झाला, आणि शेवटच्या पानावर दोषी निघाला एकच माणूस, कोंडीराम नावाचा मुकादम. त्यानं सिमेंट कमी घातलं. त्याला कमी घालायला सांगितलं कोणी, हे पाचशे पानांत कुणी विचारलेलं नव्हतं. असे बारा अहवाल मी वाचले. दोष वरून खाली कसा घसरत येतो आणि सर्वांत खालच्या माणसापाशी येऊन कसा थांबतो, हे मी एकेका सहीनिशी मांडलं. माझे सहकारी म्हणाले, ललिताबाई, हे इंजिनिअरिंग नाही, कीर्तन आहे.

तेव्हाचे दिवसही असे होते, की सगळ्यांना कॉम्प्युटर पाहिजे होता. सिव्हिलच्या साठ जागांपैकी एकोणीस भरायच्या आणि ते एकोणीस जणही संध्याकाळी डेक्कनला जाऊन जावा शिकायचे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नसला तरी कॉलेजनं आपल्या हिमतीवर हा विषय सुरू करावा, असा प्रस्ताव मी तीनदा दिला. तिन्ही वेळा तो हिरव्या शाईत 'बघू' असा शेरा घेऊन परत आला.

"सह्या झाल्या की जूनपासून विषय खराखुरा सुरू," कुलथे आता म्हणत होते. "तुम्हाला प्रोफेसर करतो. नीतिशास्त्राचं स्वतंत्र केंद्र काढू. दारावर तुमच्या नावाची पाटी."

"आणि सह्या नाही केल्या तर?"

"तर विषयच नाही. चार वर्षांनी तुम्ही रिटायर व्हाल, सर्व्हेइंग शिकवत."

उद्या सांगते, असं म्हणून मी उठले. खोटं कशाला बोलू, मला मोह झाला होता. पाटीचा नाही, प्रोफेसरपदाचाही फारसा नाही. पण तो विषय एकदा तरी वर्गात उभं राहून शिकवायचा, एवढ्यासाठी मी अकरा वर्षं वाट बघत होते. संध्याकाळी कॉलेजच्या बसमध्ये मी स्वतःशीच वाद घातला आणि भराभर हरत गेले. तीन वर्षं खोटी, पण पुढची चार तर खरी होतील. यात कुणाच्या अंगावर टाकी पडणार आहे? बस येरवड्याच्या पुलावर आली तोवर मनातल्या मनात मी निम्म्या सह्या करूनही टाकल्या होत्या.

गुरुवारी सकाळी नेहमीप्रमाणे गच्चीवर मोजणीची थिओडोलाइट यंत्रं ठेवायच्या खोलीकडे गेले, तर दत्तोबानं मला जिन्यातच अडवलं. दत्तोबा आमचा शिपाई. कॉलेज उभं आहे ती जमीन एकेकाळी त्याच्या भावकीची होती, त्यामुळे तो प्राचार्यांनाही फार जुमानत नाही.

"म्याडम, जरा कडंनं जावा. रजिस्टरं वाळत घातल्यात."

बघते तर गच्चीभर रजिस्टरं उघडी करून पसरलेली, वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर विटेचा तुकडा.

"कोरी रजिस्टरं उन्हात कशाला रे?"

"तीन वर्साची दिसाया पायजेत न्हवं? ऊन खाल्लं की पिवळी पडत्यात. मग वरनं वाईच माती चोळायची. आदी वाळवायची, मग लिवायची. माझी बायको पापडाला बी येवढी राखण करत न्हाई."

तिथून मी थेट ड्रॉइंग हॉलमध्ये गेले. दहा-बारा नवे लेक्चरर ड्रॉइंगच्या मोठ्या टेबलांवर वाकून निरनिराळ्या विषयांची रजिस्टरं लिहीत होते. मधोमध पेनांचं खोकं, त्यात निळी, काळी, बॉलपेनं, शाईची पेनं. दर आठ-दहा ओळींनी पेन बदलायचं, महिन्यातून एकदा हात बदलायचा म्हणजे शेजाऱ्याला लिहायला द्यायचं, अशी पद्धत ठरलेली होती. इतक्या काळजीनं या मुलांनी आयुष्यात दुसरं काही केलं असेल असं वाटत नाही.

माझी रजिस्टरं इंद्रजीत वानखडेकडे होती. वाशिमकडचा मुलगा, मेकॅनिकलचा, गेल्या जुलैत रुजू झालेला. अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर होता, म्हणजे जूनमध्ये पुन्हा हात जोडून उभं राहायचं. मला बघून तो उठला. मी त्याच्या पुढचं रजिस्टर ओढलं आणि वाचायला लागले. मी काय काय शिकवलं होतं ते मलाही कळायला हवं होतं. सप्टेंबरच्या पानावर माझी नजर अडकली.

"इंद्रजीत, या दिवशी मी तास घेतला?"

"हो जी मॅडम. कॅलेंडर पाहूनच तारखा टाकल्या."

"आदल्या दिवशी काय होतं?"

"अनंत चतुर्दशी. ती सोडली ना मी. सुट्टी होती."

"आणि दुसऱ्या दिवशी साठापैकी सत्तावन्न हजर?"

"काहून, काय झालं?"

"अरे, पुण्यात विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते. लक्ष्मी रोड बंद, केळकर रोड बंद. माझ्या खिडकीखाली अठ्ठावीस तास ढोल असतात. मी साधं दूध आणायला उतरू शकत नाही, वाघोलीला काय उडत येणार? आणि निम्मी पोरं ढोलपथकात."

तो खरोखर चकित झाला. "आमच्याकडे संध्याकाळी बुडवला की झालं जी," तो म्हणाला. मग घाईघाईनं, "पान बदलतो मी मॅडम."

मला हसू आलं. हसता हसता त्या तासापुढं लिहिलेला विषय वाचला. 'प्रयोगाचे आकडे बनवणे: कारणे व परिणाम.' आता मात्र मला हसू आवरेना. टेबलावरचे सगळे माना वर करून बघायला लागले. पण त्याखालच्या ओळी वाचत गेले तसं हसू थांबलं. 'सही म्हणजे काय.' 'आदेश तोंडी का देतात.' 'अहवालात कर्ता का नसतो.' ही माझी प्रकरणं होती, माझ्याच शब्दांत, माझ्याच क्रमानं.

"हे कुठून आणलंस?"

"तुमच्या प्रबंधातून. तासाला विषय तर लिहावा लागणार ना. लायब्ररीत मिळाला. मॅडम, त्याच्या कार्डावर कुणाचंच नाव नव्हतं. पहिलं माझं. आधी नुसती प्रकरणांची नावं उतरवणार होतो, मग वाचतच बसलो. एक विचारू का?"

"विचार."

"त्या कोंडीरामला सिमेंट कमी टाकायला सांगितलं कोणी, ते शेवटपर्यंत कळलंच नाही?"

"नाही."

"पण असं कसं? त्याला कुणी साधं विचारलं पण नाही?" त्याचा आवाज चढला होता. त्याला राग आला होता, जणू ती टाकी काल पडली होती आणि तो बाजूलाच उभा होता.

अकरा वर्षांत माझ्या प्रबंधावर मला कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न. परीक्षकांनी विचारले होते ते संदर्भसूचीबद्दल होते. माझा एकुलता एक वाचक माझ्यासमोर उभा होता, अगदी योग्य प्रश्न विचारत होता, आणि त्याच्या हातात खोट्या हजेरीची चार पेनं होती. मला रडू आलं असतं, पण माझ्या स्वभावात राग आधी येतो. कुलथ्यांचा आला, या पोराचा आला, आणि सर्वांत जास्त स्वतःचा आला. येरवड्याच्या पुलावर निम्म्या सह्या करून मोकळी झालेली बाई मीच होते. यातून माझा विषय सुरू झाला असता, तर पहिल्या तासाला मी कोणत्या तोंडानं उभी राहिले असते?

"तिन्ही रजिस्टरं इकडं दे," मी म्हटलं. "सह्या करते."

स्टूल ओढून बसले आणि पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासापुढं लिहिलं, 'हा तास झालेला नाही.' खाली पूर्ण सही. मग दुसऱ्या तासापुढं. मग तिसऱ्या. पेन एकदाही बदललं नाही. एकशे सव्वीस वेळा तेच वाक्य आणि तीच सही, पाऊण तास लागला. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवसापुढं अक्षर जरा मोठं आलं असेल. हॉलमध्ये कुणी लिहीत नव्हतं.

"मॅडम," इंद्रजीत शेवटी हलक्या आवाजात म्हणाला, "अक्षर माझं आहे. माझ्यावर येईल हे."

त्याचं बरोबर होतं. मी पहिलं पान उलटलं आणि वर लिहिलं, 'या नोंदी प्राचार्य बद्रीनाथ कुलथे यांच्या तोंडी सांगण्यावरून झाल्या. लिहिणाऱ्याचा यात दोष नाही.' त्यावर तारीख घातली, त्या दिवशीची, खरी.

रजिस्टरं मी कुलथ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "सह्या झाल्या सर. मोजून घ्या."

त्यांनी चार पानं उलटली. त्यांचे कान लाल होत गेले. "तुम्हाला समजतंय का काय केलंत?"

"समजतंय म्हणूनच केलं."

"शनिवारी तुम्ही रजा घ्या. तुमची तब्येत बरी दिसत नाही."

"तब्येत उत्तम आहे. शनिवारी येणार."

"प्रोफेसरपद विसरा."

"विसरायला आधी मिळावं लागतं, सर," मी म्हटलं आणि दार लोटून घेतलं. हा विषय आता या कॉलेजात माझ्या वाट्याला कधी येणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

शुक्रवारी नवीन रजिस्टरं लिहिली गेली. आता नीतिशास्त्राचा अध्यापक खुद्द इंद्रजीत वानखडे होता. तीन वर्षं शिकवायला तीन वर्षं नोकरी लागते, म्हणून त्याची रुजू होण्याची तारीखही मागे सरकवली. हे मला दत्तोबानं सांगितलं. "ह्या खेपेला उनाला येळ न्हाई घावला," तो म्हणाला. "क्यांटीनच्या भट्टीवर शेकली. वड्याचा वास मारत्यात जरा." इंद्रजीत मला कॉरिडॉरमध्ये दिसला, पण त्यानं मान खाली घातली. मी त्याला हाक मारली नाही. त्याच्या जागी जूनमध्ये हात जोडायला मी उभी राहणार नव्हते.

शनिवारी मी गेले. मला कुणी अडवलं नाही, कारण सगळे आपापले टाय सावरण्यात गुंतले होते. सभागृहात कमिटीचे तिघं लांब टेबलामागे बसले होते, बाजूला कुलथे, समोर एक खुर्ची. ज्याच्या विषयाची पाळी येईल त्यानं त्या खुर्चीवर बसायचं. मी मागच्या रांगेत बसले.

कमिटीचे अध्यक्ष इंदूरचे निवृत्त प्राध्यापक, मराठी, बोलायला अतिशय मृदू. नीतिशास्त्राची पाळी आली तेव्हा त्यांनी रजिस्टर उघडलं, नाकाशी धरलं, जरा गोंधळले आणि खाली ठेवलं. इंद्रजीत समोर बसला होता. इस्त्रीचा शर्ट, हाताची बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली.

"एखादं उदाहरण सांगा," अध्यक्ष म्हणाले, "जे आपण वर्गात शिकवलंत."

त्यानं टाकीचं सांगितलं. सुरुवातीला अडखळला, मग सुरळीत बोलायला लागला. सिमेंटचं प्रमाण, चाचणीचे कागद, प्रत्येक कागदावरची सही, ती सही करणाऱ्याला काय माहीत होतं आणि काय माहीत करून घ्यायचं नव्हतं. मी इतकं चांगलं सांगितलं नसतं. कमिटीतल्या तिसऱ्या गृहस्थांनी, जे तोवर डुलक्या घेत होते, डोळे उघडले.

"फार छान," अध्यक्ष म्हणाले. "आणि यावर मुलं काय म्हणाली?"

इंद्रजीतनं टेबलावरच्या रजिस्टरकडे पाहिलं.

"मुलांची प्रतिक्रिया कशी होती?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"मला माहीत नाही सर," तो म्हणाला. "मी हे वर्गात कधी सांगितलंच नाही. हा तास कधी झालाच नाही. मी इथं गेल्या जुलैत लागलो. ही तिन्ही रजिस्टरं मी काल लिहिली, सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत."

मी खुर्चीचा हात धरून बसले होते. हे मी त्याला सांगितलं नव्हतं, सुचवलंही नव्हतं.

"आपल्याला लिहायला कोणी सांगितलं?" अध्यक्षांनी विचारलं.

इंद्रजीतनं कुलथ्यांकडे पाहिलं.

"सर, मी खुलासा करतो," कुलथे पुढे झुकले. "नवीन मुलगा आहे. उत्साहाच्या भरात परस्पर केलं त्यानं. आम्हाला कल्पनाच नव्हती. आजच्या आज कारवाई करतो."

अध्यक्षांना हायसं वाटलं ते लपलं नाही. त्यांनी कागद ओढला आणि लिहिता लिहिता तोंडानं म्हणायला लागले, "एका कनिष्ठ अध्यापकाने चुकीच्या नोंदी केल्याचे..." बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. चहा आत आला. पेन सरसर चाललं होतं.

"थांबा," मी म्हटलं आणि उभी राहिले.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कुलथे म्हणाले, "मॅडम, आपण बाहेर बसा."

मी पुढे गेले. "'कनिष्ठ अध्यापकाने' याच्या पुढं 'प्राचार्यांच्या सांगण्यावरून' असं घाला. हेच काम बुधवारी मला सांगितलं होतं. मी गुरुवारी लेखी नकार दिला. माझ्या सहीची रजिस्टरं यांच्या केबिनमध्ये आहेत, मागवा."

"यांना प्रोफेसरपद मिळालं नाही, त्याचा हा राग आहे," कुलथे म्हणाले.

"राग आहेच. पण मी सांगतेय ते खरंही आहे."

अध्यक्ष मृदूपणे म्हणाले, "बाई, विचार करा. मान्यता गेली तर दोन हजार मुलांचं नुकसान आहे. एका माणसावर निभावत असेल तर..."

"एका माणसावर निभावतं म्हणूनच सगळे निभावून नेतात," मी म्हटलं. माझा आवाज सभागृहाबाहेर जात होता आणि मला त्याची पर्वा नव्हती. "नुकसान या रजिस्टरांनी केलंय. या मुलानं फक्त ते उघड केलं. त्याला आज काढून टाकलंत, तर उद्यापासून या कॉलेजात खरं कोण बोलेल ते मला दाखवा."

मी भिंतीकडची एक खुर्ची ओढली आणि टेबलासमोर, इंद्रजीतच्या शेजारी नेऊन ठेवली. तिचे पाय फरशीवर करकरले. मी बसले.

"वाक्य पुरतं लिहून होईपर्यंत आम्ही दोघं इथून उठणार नाही," मी म्हटलं.

इंद्रजीतनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग समोर बघून तो स्पष्ट म्हणाला, "प्राचार्यांनी सांगितलं जी. गुरुवारी दुपारी, त्यांच्या केबिनमध्ये. नाही लिहिलं तर जूनची ऑर्डर विसर म्हणाले."

कुलथे काहीतरी बोलायला गेले, पण अध्यक्षांनी हातानं त्यांना थांबवलं. ते आमच्याकडे वळले. चहावर साय धरली होती.

"बाई," ते म्हणाले, "या विषयाशी आपला नेमका संबंध काय?"

"हा विषय मी शिकवते."

"कधीपासून?"

"आजपासून," मी म्हटलं. "तास चालू आहे. लिहा."

अध्यक्षांनी कागदावरची ओळ खोडली आणि खाली नव्यानं लिहायला घेतलं.